निवेपर्यंत धरलेला हात

हेमांगी गेल्यानंतर तिचा हात मला घराबाहेर भेटला तो सावंतवाडीतल्या एका औषधाच्या दुकानात, परक्या माणसाच्या फोनवर.

दुकानदार पेडणेकर माझ्या ओळखीचा. माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या वरच्या फळीवर होत्या. "यशवंतराव, जरा धरा," म्हणत त्याने आपला फोन माझ्या हातात दिला आणि तो स्टुलावर चढला. फोनचं कव्हर आधी गार लागलं. मग ते माझ्या तळव्यावर कोमट होत गेलं. कव्हराने तळवा दोनदा हलकेच दाबला आणि अंगठ्याच्या मुळापासून वरपर्यंत एक सावकाश ओढ घेतली.

मी फोन टाकला.

"अहो, काय झालं? चटका बसला की काय?"

"हे कव्हर कुठलं?"

"'माया'. करतल कंपनीचं. म्हणजे तुमच्या मेहुण्याचंच की! तुम्हाला माहीत नाही?" पेडणेकर खाली उतरला, फोन पुसला आणि तळव्यावर ठेवून हसला. "बायको म्हणते, आता तुम्हाला माझा हात कशाला लागतोय? पण खरंच, दिवसभर गिऱ्हाइकांशी डोकं फोडून झालं की बरं वाटतं हो."

त्याच्या तळहातावर माझी बायको अंगठा फिरवत होती आणि तो मला गोळ्यांची किंमत सांगत होता. मी गोळ्या तिथेच ठेवून बाहेर पडलो.

हेमांगी चितारआळीतली, लाखकाम करणाऱ्या घरातली. लग्नानंतर आम्ही तिच्या माहेराजवळच बिऱ्हाड केलं. मी लेथवर लाकूड कातायचो, ती रंगवायची. आधी खेळणी केली, मग मोबाइलची कव्हरं. फोन तोवर काचेची पातळ पट्टी झाले होते. कोणत्याही कंपनीचा घ्या, दिसायला तोच. स्वतःचं म्हणून माणसाला कव्हरच उरलं होतं. एका ट्रकवाल्याला तिने मैलाच्या दगडाचं कव्हर करून दिलं, त्यावर त्याच्या गावाचं नाव आणि खाली शून्य. एका शिक्षिकेला पाटी दिली, पेन्सिलीने खरोखर लिहिता यायचं. एका नवरीला तिच्या आजीच्या लुगड्याचा काठ. गिऱ्हाइकाला समोर बसवून ती त्याचा हात हातात घ्यायची, काम काय करता विचारायची आणि मगच लाकूड निवडायची.

हात धरायची तिची एक तऱ्हा होती. लाखेची कांडी पुरेशी तापली का, हे ती दोनदा दाबून आणि मग अंगठा सरकवून बघायची. लहानपणापासून तेच केल्यामुळे माणसाचा हातही ती तसाच धरायची. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर माझाही धरला. मी हळूच विचारलं, "काय बघतेस?" ती म्हणाली, "तापलाय की अजून वेळ आहे."

गौरेश तिचा धाकटा भाऊ. पुण्याला शिकून आला आणि कुडाळला त्याने करतल कंपनी काढली. त्याचं यंत्र त्याने आम्हाला समजावलं होतं ते असं. काही प्लास्टिकं विजेवर हलतात. थोडी वीज दिली की फुगतात, काढली की आखडतात, अंगातल्या स्नायूंसारखी. अशा प्लास्टिकचे कागदाहून पातळ थर घ्यायचे, दोन थरांमध्ये लाख द्यायची. लाखेतून वीज जात नाही, आणि तापली की ती मऊ होते. मऊ असताना जो हात कव्हर धरेल, त्याच्या दाबाप्रमाणे आतले थर बसतात. लाख निवली की ती बसण पक्की. मग ते कव्हर तसंच धरतं, त्या हाताने शिकवलं तसं.

अडचण एक होती. विकलं की कव्हर रोज मालकाच्या हातात राहून मालकाचाच दाब शिकणार आणि बिघडणार. म्हणून प्रत्येक कव्हर क्षणोक्षणी नेटवरून मूळ नगाशी स्वतःला जुळवून घेतं. "तबलजी कसा सतत तंबोऱ्याकडे कान देतो, तसं," गौरेश म्हणाला.

"मग आकडे उतरवून ठेव की कॉम्प्युटरात," हेमांगी म्हणाली.

"ठेवलेत गो ताई. पण नुसत्या आकड्यांवर चालवलं की थोड्या दिवसांत हात मेल्यासारखा लागतो. मूळ वस्तूच लागते."

पहिल्या नगाला हात शिकवला तो हेमांगीने, कारण चाचणीच्या दिवशी तीच समोर होती. लाल रंगाचं साधं कव्हर, वर चित्र नाही. ते गरम असताना तिने धरलं आणि निवेपर्यंत माझ्याशी गप्पा मारत बसली.

सासऱ्यांच्या घरात एक रीत होती. नव्या नमुन्याचा पहिला नग विकायचा नाही, तो करणाऱ्याच्या घरात राहतो. करणारा गेला की वर्षश्राद्धाला तो नग लेथवर पुन्हा तापवायचा, केवड्याच्या पानाने घासून चमक आणायची आणि घरातल्या एकाने तो निवेपर्यंत हातात धरायचा. त्यानंतर तो नग धरणाऱ्याचा. गौरेशला ही रीत जाहिरातीला फार आवडली. त्याने नारळ फोडून, कॅमेरा लावून पहिला नग आमच्या काचेच्या कपाटात ठेवला. खाली नेटला जोडलेली एक लहान पेटी बसवली, तिचा दिवा हिरवा लुकलुकायचा.

मग हेमांगीला कॅन्सर निघाला. शेवटी शेवटी दवाखान्यात तिने गौरेशला जवळ बोलावलं.

"माझा हात बाजारात आणू नको रे," ती म्हणाली. "मी आहे तोवर गंमत आहे. मी नसताना तो कुणाच्याही खिशात नको. पहिला नग यांच्याकडे राहू दे. एक आयेला करून दे. बाकी बंद कर."

गौरेशने तिचा हात हातात घेतला. "वचन, ताई."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याची बोटं सैल झाली, मनगटाला एक पीळ बसला आणि हात सुटला. तो बोलत बोलत बाहेर गेला. हेमांगीचा हात चादरीवर तसाच उघडा राहिला. मग तो मी धरला.

ती गेल्यावर मी रोज संध्याकाळी पहिला नग कपाटातून काढायचो आणि मांडीवर घेऊन बसायचो. तो दोनदा दाबायचा, अंगठा सरकवायचा. मीही दाबायचो. मला दुसरं काही नको होतं.

औषधाच्या दुकानातून निघालो तो मी थेट कुडाळला गेलो. गौरेश काचेच्या केबिनमध्ये होता.

"या भावोजी! चहा सांगू?"

"माया काय आहे?"

त्याने मग खुर्ची पुढे केली. "बसा तरी. ताईचं नाव कुठेही लावलेलं नाही. कुणाला कळणार नाही."

"मला कळलं."

"लोक रडत फोन करतात, भावोजी. एका बाईचा नवरा दुबईला असतो. हा हात धरून झोपते म्हणाली. ताईच्याच नावाने पुण्य जमा होतंय ना?"

"तू तिला वचन दिलं होतंस."

"मरणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, उलट मला समजावत होता. "आणि तुम्हीच सांगा. तुम्ही स्वतः रोज संध्याकाळी तो नग घेऊन बसता. तुम्हाला हवा, मग लोकांना नको?"

"मी घेऊन बसतो हे तुला कोणी सांगितलं?"

त्याने टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं. "मूळ नग कळवतो. कुणी धरला, कसा धरला, सगळं. खरं सांगू का? तुम्ही धरता म्हणूनच तो जिवंत राहिलाय. लाख हाताळली नाही की आतली बसण विझते. तुम्ही दवाखान्यात असायचात तेव्हा नग नेऊन आम्ही दुसरी माणसं बसवून बघितली, त्यांच्या हाताला तो नीट उत्तरच देत नाही. तुम्हाला देतो. म्हणून तर तुमच्याकडे ठेवलाय."

मी उठलो. तो दारापर्यंत आला, माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका."

येताना एसटीत मी माझ्या तळव्याकडे बघत होतो. मी तिच्यासाठी रडायला बसायचो आणि ते रडणं रोजच्या रोज गावोगाव पोहोचत होतं. तिने माझा हात दाबला की पेडणेकराचाही दाबला जात होता.

घरी येऊन हातोडी घेतली. कपाट उघडलं आणि तिथेच थांबलो. नग फोडला असता तर गौरेश म्हणाला असता, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. आकड्यांवर काही दिवस धंदा रेटला असता आणि तोवर दुसऱ्या कुणाची तरी बहीण पकडून आणली असती. मला त्याचं नुकसान नको होतं. त्याने दिलेलं वचन जसं होतं तसं लोकांच्या हातात पडावं, असं मला वाटत होतं. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. मी हातोडी ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी बाजारात एक माया विकत घेतली आणि सासूबाईंकडे गेलो. त्या पडवीत बसल्या होत्या. मांडीवर त्यांचं कव्हर होतं, डावा हात त्यावर. फोन त्यांच्याकडे नव्हताच, नुसतं कव्हर.

"ये यशवंता. बस," त्या म्हणाल्या. "ह्यो माझ्या चेडवाचो, हेमाचो हात. गौरेशान माझ्यासाठी एकच करून घेतल्यान. म्हणालो, आये, जगात ह्यो तुझ्याकडेच."

मी खिशातली माया काढून त्यांच्या उजव्या हातात ठेवली.

ती कोमट व्हायला थोडा वेळ लागला. मग दोन्ही कव्हरांनी एकदमच दाबलं. एकदा, दुसऱ्यांदा. दोन्हीकडून अंगठा एकाच वेळी सरकला. सासूबाई आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिल्या. त्यांची लेक एकीकडे होती, तशीच दुसरीकडे.

"ह्यो खंयचो?"

"बाजारातला. कुणीही घ्यावा. औषधवाल्या पेडणेकराकडे आहे, बँकेतल्या शिपायाकडे आहे. हेमांगीने नको म्हणून सांगितलं होतं. त्याने तिच्या हातात हात देऊन हो म्हटलं होतं."

त्यांनी दोन्ही कव्हरं बाकावर ठेवली. पदराने हात पुसले.

"आई, वर्षश्राद्धाला मी पहिला नग तापवणार आहे. रीतच आहे तशी. तापला की ती त्यातून जाईल. मग बाकी सगळ्यांतून. तुमच्याही हातातून जाईल, माझ्याही."

"इचारूक इलंस, की सांगूक?"

"सांगायला."

 मी उठणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मगे धरतलो कोण?"

"मी नाही धरणार."

"तू नाय. मी नाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मगे उरलो कोण?"

मी मान खाली घातली. त्यांना सगळं कळलं होतं.

"शाळेत नेताना त्याचो हात कधी टिकलो नाय माझ्या हातात," त्या म्हणाल्या. "मासळीसारखो निसटायचो. मी हेमाक म्हणायचंय, तू धर गो त्याका. ती धरायची. तिच्या हातात ऱ्हवायचो."

श्राद्धाच्या आदल्या दिवशी गौरेशचा फोन आला. कार्यक्रम कंपनीच्या चॅनलवर थेट दाखवायचा होता. "फक्त एक, भावोजी. नुसतं पानाने पुसा. तापवायचं नाही हां. तुम्हाला माहीत आहे ना का ते?"

"माहीत आहे," मी म्हणालो.

सकाळी भटजींचं आटोपलं, पानं वाढायची होती. आळीतली माणसं आमच्या अंगणात जमली होती. गौरेश पांढऱ्या कुर्त्यात, कॅमेऱ्यासमोर उभा राहून लोकांना रीत सांगत होता. सासूबाई ओटीवर खुर्चीत बसल्या होत्या, दोन्ही हातांत एकेक माया घेऊन. गौरेशला वाटलं, आईने मुद्दाम जाहिरातीसाठी दोन घेतल्यात. त्याने कॅमेरा त्यांच्याकडे वळवायला सांगितलं.

मी लेथ सुरू केलं. लेथला लावलेल्या लाकडी चाकाच्या फिरत्या कडेवर मी पहिला नग टेकवला, घासून तापेल असा.

लाखेचा वास आला. तो वास तिच्या केसांना असायचा. माझ्या बोटांखाली कव्हर तापू लागलं, आणि कुणीतरी हात धरला आहे असं वाटून त्याने दाबलं. एकदा. दुसऱ्यांदा. अंगठा मुळापासून निघाला. मला वाटलं, चाक थांबवावं. अजून वेळ होता. मी चाक थांबवलं नाही. अंगठा अर्ध्यावर आला आणि तिथेच राहिला.

मी ओटीकडे पाहिलं. सासूबाईंनी डोळे मिटले होते. त्यांनी मान हलवली. त्यांच्या हातातली कव्हरंही थांबली होती.

गौरेशच्या नाकाला वास गेला तेव्हा तो धावत आला. कॅमेऱ्याकडे पाठ करून दबक्या आवाजात म्हणाला, "काय करताय भावोजी! त्यात ताई आहे!"

"होती."

मी केवड्याचं पान फिरवलं. लाल रंग आरशासारखा चमकू लागला. मी चाक थांबवलं, कव्हर फडक्यावर घेतलं आणि त्याच्यासमोर धरलं.

"आता कुणीतरी धरायला हवं," मी मोठ्याने म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "निवायच्या आत."

ते त्यालाही माहीत होतं. लाखेच्याच घरात जन्मला होता तो. कुणी धरलं नाही तर मूळ नग मुका होणार आणि सगळ्या माया मुक्या होणार. त्याच्या कपाळावर घाम आला. तरी त्याचं डोकं चालूच होतं. तो एकदम ओटीकडे वळला आणि त्याचा आवाज गोड झाला. "आये, तू धर. आईचा हात! ह्याहून चांगलं काय?"

सासूबाईंनी आपल्या दोन्ही मुठी वर केल्या. मुठींत कव्हरं होती.

"माझे हात रिकामे नाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हात पाठीमागे घेतले.

"धर रे," त्या म्हणाल्या. "बहिणीचो नग हा. सगळी बगतत."

खरंच सगळे बघत होते. अंगणातले आणि कॅमेऱ्यापलीकडचे. गौरेशने कव्हर घेतलं. चटका बसताच त्याची बोटं सैल झाली, मनगटाला पीळ बसला. पुन्हा धरलं. कॅमेऱ्याकडे बघून हसला, पुन्हा बोटं सुटली, पुन्हा पीळ. खिशातला फोन थरथरला तसा त्याचा हात तिकडे जाऊ लागला आणि अर्ध्यावरून परत आला. असं निवेपर्यंत चाललं. एकदाही त्याने ते नीट धरलं नाही.

मी कव्हराला बोट लावून बघितलं. गार झालं होतं.

"घरी घेऊन जा," मी म्हणालो. "आता ते तुझं."

त्या दिवसापासून सगळ्या माया त्याचा हात घेऊन वागू लागल्या. कोमट व्हायच्या, धरायच्या, मग सैल पडायच्या, तळव्यात एक पीळ बसायचा आणि सुटायच्या. पेडणेकर मला दुकानातून हाक मारून म्हणाला, "यशवंतराव, तुमच्या मेहुण्याला सांगा हो! हे कव्हर धरतं न धरतं तोच पळायला बघतं. उसने पैसे मागितल्यासारखं!" मी पोट धरून हसलो. हेमांगी गेल्यापासून पहिल्यांदाच. दुबईवाल्याच्या बायकोने कंपनीच्या पानावर लिहिलं होतं की अंधारात तिला वाटलं, शेजारून कुणीतरी उठून गेलं. तिच्यासाठी मला वाईट वाटलं. तरीही मी पुन्हा तेच केलं असतं.

गौरेशने आधी जुन्या आकड्यांवर रेटलं, तो हात मेल्यासारखा लागला. मग नग पुन्हा तापवून एका नर्सबाईला धरायला लावला. तिचा हात चांगला होता म्हणतात. पण एकदा सोडून गेलेला हात लोकांनी पुन्हा घेतला नाही. माया परत येत गेल्या.

मी संध्याकाळी कपाटासमोर बसायचो. आत गोल डाग होता, पेटी ठेवली होती तिथे. हात कुठे ठेवावा हे मला कळायचं नाही.

एक दिवस सासूबाईंकडे बसलो होतो तेव्हा गौरेश आला. गाडी नव्हती, चालत आला होता. चपला न काढताच पडवीत उभा राहिला.

"काय मिळालं भावोजी? ताई तुमच्याकडूनही गेली. आयेकडूनही गेली. काय मिळालं तुम्हाला?"

 सासूबाईंनी मांडीवरचं कव्हर उचललं. शेजारच्या मुलीकडून त्यांनी ते नेटवरून तोडून घेतलं होतं, नर्सबाईचा हात यायच्या आधीच. त्यामुळे त्यात अजून गौरेशचाच हात होता.

"धर," त्या म्हणाल्या.

"काय आहे आता हे?"

"धर म्हणतंय ना."

त्याने धरलं. कव्हर कोमट झालं. कव्हराने त्याचा तळवा धरला आणि क्षणभर गौरेशचा चेहरा निवळला, कुणीतरी जवळ घेतल्यासारखा. मग बोटं सैल पडली. पीळ बसला. त्याने घाईने मूठ आवळली. कव्हर जास्तच पिळवटलं आणि त्याच्या मुठीतून सुटून फरशीवर पडलं.

"ह्यो माझ्या झिलाचो हात," सासूबाई लेकाला म्हणाल्या. "बगलंस? तुका सुद्धा धरीत नाय."

कव्हर फरशीवर पडून वळत होतं, कुणाच्या तरी हातातून सुटायला धडपडत असल्यासारखं. गौरेश वाकला, पण त्याचा हात पुढे होईना. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी ते उचललं नाही.